एक दमाम, तीन धर्म
गोव्यापलीकडच्या रानातील सिद्दी समाजाचा पूर्वजोत्सव

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि इतर सागरी सत्ता यांना पायबंद घालणे हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे या किनाऱ्यावर ‘सिद्दी’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या शत्रूचे नाव म्हणूनच परिचित राहिला. किल्ला मागे टाकून आत वळले की मालवण तालुक्यातच धामापूर लागते. येथील तलाव विजयनगरच्या राजवटीतील मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधला, असे इतिहास सांगतो. काठावर भगवतीचे देऊळ आहे. २०२० मध्ये या तलावाचा जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत समावेश झाला.

धामापूरचा हा तलाव बांधला गेला तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन वीस वर्षे झाली होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिकमध्येही त्यांनी आपले पाय रोवले होते. या दोन वसाहतींदरम्यान जहाजांतून मसाले, कापड आणि हस्तिदंत यांच्याबरोबर माणसेही आणली जात. गुलाम म्हणून आणलेल्या त्या माणसांचे वंशज आज गोव्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील घाटमाथ्याच्या जंगलात राहतात. त्यांना सिद्दी म्हणतात. जंजिऱ्याच्या नवाबाशी त्यांचे नाव जुळते, इतिहास मात्र जुळत नाही. त्यांचा वार्षिक पूर्वजोत्सव, त्यांचे ढोल आणि त्यांच्या गोधड्या म्हणजे कोकणाच्या शेजारी चार शतकांहून अधिक काळ नांदणारी आफ्रिका आहे, आणि ती कोकणीत बोलते.

एक नाव, अनेक इतिहास

‘सिद्दी’ हा शब्द अरबीतील ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, या संबोधनापासून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. ‘हबशी’ हा शब्द अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. हे दोन्ही शब्द भारतात आफ्रिकी वंशाच्या सर्वच लोकांसाठी सरसकट वापरले गेले. प्रत्यक्षात ही माणसे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रदेशांतून आणि वेगवेगळ्या मार्गांनी आली.

दख्खनच्या सुलतानांकडे आलेले हबशी बहुतांश इथिओपियाच्या बाजूचे होते. लष्करी गुलाम म्हणून त्यांची खरेदी होई आणि कर्तृत्व असेल तर त्यांना सत्तेच्या पायऱ्या चढता येत. मलिक अंबर हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा अनेकदा विकला गेला आणि अखेर निजामशाहीचा सूत्रधार झाला. त्याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसवले. पुढे हेच औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. मोगलांना जेरीस आणणारा गनिमी कावा आणि शहराला पाणी पुरवणारी नहर या दोन्हींशी त्याचे नाव जोडलेले आहे. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर खुलदाबादला आहे. जंजिऱ्याचे सिद्दीही दख्खनच्या याच सत्ताकारणातून पुढे आले आणि त्यांचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

उत्तर कन्नडच्या सिद्दींच्या वाट्याला ना सरदारकी आली ना किल्ला. गोव्यातील पोर्तुगीज घरांत आणि शेतांवर राबणारे हे लोक प्रामुख्याने आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून, बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांतून आले होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासानेही भारतातील सिद्दींचे हे बांटू मूळ दाखवून दिले. स्थानिक समाजांशी त्यांचा रक्तसंबंध सुमारे आठ पिढ्यांपूर्वी, म्हणजे अंदाजे २०० वर्षांपूर्वी जुळून आला असावा, असा निष्कर्ष त्यात मांडला आहे. गोव्यातून पळालेल्या आणि पुढे गुलामगिरी संपल्यावर मोकळ्या झालेल्या माणसांनी घाट चढून दाट जंगलाचा आसरा घेतला. यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड, जोयडा आणि शिरसी या तालुक्यांत त्यांच्या वस्त्या विखुरल्या. काही कुटुंबे बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांत गेली.

हा सारा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. हल्याळच्या परिसरात आजही मराठी सर्रास ऐकू येते. सिद्दींची घरातली भाषा कोकणी. तिच्यात मराठी, कन्नड आणि उर्दू शब्दांची सरमिसळ असते. आफ्रिकी भाषा काळाच्या ओघात विसरली गेली. मात्र जे शब्दांत राहिले नाही, ते तालात आणि पूर्वजांच्या पूजेत राहिले.

‘हिरियारू’: घरात राहणारे पूर्वज

सिद्दींमध्ये हिंदू आहेत, मुस्लिम आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. सर्वसाधारणपणे यल्लापूर व अंकोला भागात हिंदू, तर हल्याळच्या बाजूला मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबे अधिक आढळतात. ज्याच्या आश्रयाने राहिले, ज्याच्या जमिनीवर राबले, त्याच्या धर्माची छाया त्यांच्यावर पडली. यल्लापूरच्या बाजूचे सिद्दी हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागांत मजुरी करत आले. गोव्यातून आलेल्यांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म सोबत आणला. मुस्लिम सिद्दींची नाळ दख्खनच्या सुलतानी मुलखाशी जोडली गेली.

या तिन्ही धर्मांखाली एक समान थर आहे, तो पूर्वजांचा. कन्नडमध्ये ‘हिरियारू’ म्हणजे वडीलधारे. सिद्दींच्या लेखी घरातील मृत वडीलधारी माणसे घर सोडून जात नाहीत. ती घरातच असतात, राखण करतात, दुर्लक्ष झाले तर रुसतात. हिंदू सिद्दींच्या घरात त्यांच्यासाठी जागा राखलेली असते. तेथे नारळ मांडलेला असतो. नवरात्राच्या सुमारास त्यांची विशेष पूजा होते, गोडधोडाचा नैवेद्य दाखवला जातो, नातलग जमतात आणि घरातल्या सुखदुःखाची गोष्ट त्यांच्या कानी घातली जाते. धर्म बदललेल्या कुटुंबांतही पूर्वजांची ही आठवण पुसली गेली नाही.

कोकणी वाचकाला यात परके काही वाटू नये. मृतात्म्यांना पान मांडणे, राखणदाराला नारळ देणे, गाऱ्हाणे घालून ‘व्हय म्हाराजा’ म्हणणे ही सिंधुदुर्गातील गावागावांची रीत आहे. सिद्दींनी ही रीत शेजाऱ्यांकडून घेतली की आफ्रिकेतून आणली, हा प्रश्न अभ्यासकांना दीर्घकाळ पडलेला आहे. बांटू समाजांतही पूर्वजांचे स्थान असेच केंद्रवर्ती आहे. दोन्हीकडे आधीपासून असलेली श्रद्धा येथे एकमेकांत सहज मिसळली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

सिद्दी नास: सर्वांचे एकच स्थान

घरातल्या पूर्वजांची पूजा एका कुटुंबापुरती असते. साऱ्या समाजाचे पूर्वजस्थान यल्लापूर तालुक्यातील जंगलात आहे. त्याला ‘सिद्दी नास’ म्हणतात. वर्षातून एकदा येथे उत्सव भरतो आणि वेगवेगळ्या तालुक्यांतून सिद्दी कुटुंबे जमतात. देवळात जाणारे येतात, मशिदीत जाणारे येतात आणि चर्चमध्ये जाणारेही येतात. येथे पूजा होते ती कोणत्याही एका धर्माच्या देवाची नव्हे, तर सिद्दींच्या मूळ पुरुषाची. तो सर्वांचा असल्याने तेथे कोणी पाहुणा नसतो.

या उत्सवाचे महत्त्व समजण्यासाठी सिद्दींच्या वस्त्यांची रचना ध्यानात घ्यावी लागते. चार-सहा घरांची वस्ती, मध्ये मैलोन् मैल रान, पुन्हा दुसरी वस्ती, अशी ही वसाहत आहे. मजुरी, मध आणि इतर रानउपज गोळा करणे, थोडी शेती यावर गुजराण करणाऱ्या माणसांना एकमेकांना भेटण्याची निमित्ते कमीच. धर्म वेगळे असल्याने सणवारही वेगळे. अशा स्थितीत वर्षातून एकदा होणारा हा मेळावा समाजाला आपण एक असल्याची खूण पटवून देतो. सोयरिकींची बोलणी, जुन्या भांडणांचा निवाडा, वस्त्यांवरील अडचणींची चर्चा हे अशा मेळाव्यांचे ओघाने येणारे भाग असतात. अलीकडच्या दशकांत हक्कांच्या मागण्यांनाही येथूनच बळ मिळत गेले. तिन्ही धर्मांचे सिद्दी आपल्या नावापुढे ‘सिद्दी’ हीच ओळख लावतात, त्यामागेही हीच एकपणाची जाणीव आहे.

दमाम, पुगडी आणि शिगमो

सिद्दींच्या कोणत्याही उत्सवाचा प्राण म्हणजे दमाम. हा लाकूड आतून पोखरून केलेला, दोन्ही तोंडांवर कातडे चढवलेला ढोल. पारंपरिक पद्धतीत त्यासाठी हरणाचे कातडे वापरीत. पुरुष तो वाजवतात, स्त्रिया त्याच्या तालावर गातात आणि नाचतात. या नृत्यालाही वाद्याचेच नाव मिळाले आहे. त्याला दमामी असेही म्हणतात. ताल सुरुवातीला संथ असतो, मग चढत जातो, आणि तो टिपेला पोहोचला की कोणाच्या तरी अंगात पूर्वज आल्याचे मानले जाते. ‘दमामा’ या नावाचे रणवाद्य मराठी वाचकाला जुन्या बखरींमधून ठाऊक आहे. नावाचे हे साम्य लक्षवेधी असले, तरी सिद्दींचा दमाम रणांगणाचा नाही, तो अंगणाचा आणि रानाचा आहे.

स्त्रियांचा आणखी एक नाच म्हणजे पुगडी. नावावरूनच ओळखू यावे की ही मराठी व कोकणी मुलखातील फुगडीची बहीण आहे. होळीच्या दिवसांत सिद्दींची पथके ढोल घेऊन घरोघर आणि वस्तीवस्तीवर फिरतात. या सणाला ते ‘शिगमो’ म्हणतात. गोव्यातला शिगमो आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातला शिमगा ज्या सणाची रूपे आहेत, त्याचेच हे घाटमाथ्यावरचे रूप. रोंबाट आणि ढोलताशांनी जागणारी सिंधुदुर्गातील शिमग्याची रात्र ज्याने अनुभवली आहे, त्याला सिद्दींचा शिगमो ओळखीचा वाटेल. फरक जाणवेल तो तालाच्या बांधणीत. एकाच वेळी अनेक लयी एकमेकींवर रचत जाण्याची आफ्रिकी रीत दमामाच्या वादनात ऐकू येते.

सांस्कृतिक देवाणघेवाण हा शब्द आज परिषदांमध्ये वारंवार वापरला जातो. त्या शब्दाचा जन्म होण्याआधीच ती देवाणघेवाण या जंगलात घडून गेली होती. सिद्दींनी कोकणाकडून भाषा, फुगडी आणि शिमगा घेतला, आणि त्यात आपला ताल ओतला.

गोधडीच्या कडेपासून मध्याकडे

हीच मिसळण सिद्दी स्त्रियांच्या हातच्या गोधडीतही दिसते. तिला ‘कवंद’ म्हणतात. जुनी लुगडी, साड्या, झंपर यांचे तुकडे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली ही गोधडी कोकणातल्या वाकळेची जवळची नातलग आहे. तिची शिवण्याची रीत मात्र निराळी आहे. शिवणकाम एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने चारही बाजू फिरते आणि मग आत सरकत मध्यभागी संपते. रंगांची निवड ठळक आणि धीट. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे त्रिकोणी तुकडे शिवले जातात. त्यांना ‘फूल’ म्हणतात. फूल नसलेली कवंद अपुरी, किंबहुना उघडी मानली जाते. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुस्लिम घरातल्या कवंदीवर चंद्रकोर, पण शिवण्याची पद्धत दोन्हीकडे एकच.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या गोधड्यांचा अभ्यास केला. २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहण्यास त्यांचे साहाय्य झाले. त्यानंतर मैनळ्ळी, गुंजावती, केंदलगिरी अशा वस्त्यांतील कवंदी परदेशी संग्रहालयांत आणि प्रदर्शनांत पोहोचल्या. घरातल्या बाळाला पांघरायला शिवलेली वस्तू कलावस्तू ठरली आणि तिने काही घरांना चार पैसेही मिळवून दिले.

गुजरातेतला ‘गोमा’

सिद्दींच्या उत्सवपरंपरेचे दुसरे मोठे केंद्र गुजरातेत आहे. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूर येथे बावा गोर यांचा दर्गा आहे. अकीकाच्या खाणी आणि मण्यांचा व्यापार यांच्याशी या संताचे नाव जोडलेले आहे. माई मिस्रा आणि बावा हबश ही त्यांची भावंडे मानली जातात. उरुसाच्या वेळी येथे सिद्दी जो नाच करतात त्याला गोमा किंवा धमाल म्हणतात. ‘गोमा’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील ‘न्गोमा’ या शब्दावरून आला. स्वाहिलीत न्गोमा म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. येथील मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल आणि मलुंगा हे एकतारी धनुर्वाद्य दोन्ही आफ्रिकी कुळातील आहेत. मलुंग्याचे भाऊबंद ब्राझीलमध्ये ‘बेरिंबाव’ या नावाने वाजतात. ते नेणारेही आफ्रिकेतून नेलेले गुलामच होते. एकाच खंडातील माणसे दोन महासागरांवरून दोन दिशांना वाहून नेली गेली आणि दोन्हीकडे त्यांनी धनुष्याची तार वाजती ठेवली.

गीरच्या जंगलाजवळील जांबूर आणि सिरवान या गावांतील सिद्दींची धमाल पर्यटकांमध्ये प्रसिद्ध आहे. मोरपिसांचा साज, चेहऱ्यावर रंग आणि वर उडवलेला नारळ डोक्यावर झेलून फोडण्याचे कसब पाहून प्रेक्षक थक्क होतात. जांबूरच्या हिराबाई लोबी यांना सिद्दी स्त्रियांच्या उत्थानाच्या कार्याबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सीमेपलीकडे कराचीत मंघो पीर येथे शीदी समाजाचा मेळा भरतो. तेथेही ढोल मध्यवर्ती असतो आणि दर्ग्याच्या तळ्यातील मगरींना मान दिला जातो.

नाशिकहून मोंबासाला

हे सर्व येणे एकाच दिशेचे नव्हते. महाराष्ट्रातून आफ्रिकेकडे परत गेलेल्यांचीही एक कहाणी आहे. १९ व्या शतकात ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सोडवलेली अनेक मुले मुंबईत उतरवली गेली. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने त्यांच्यासाठी आश्रम चालवला होता. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी-लोहारकी शिकवली जाई.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधकाच्या अखेरच्या प्रवासात नाशिकचे हे तरुण सोबत होते. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या तांड्यात नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. शवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यसंस्काराला उपस्थित होता. पुढे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली. तिचा पाया घालणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातून गेलेले आफ्रिकी होते. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात.

रान आणि रंगमंच

गेल्या काही दशकांत सिद्दींच्या कलेला रानाबाहेरचे व्यासपीठ मिळाले. १९८० च्या दशकात हेग्गोडू येथील नीनासम या नाट्यसंस्थेच्या प्रेरणेने यल्लापूर तालुक्यातील मंचिकेरी येथे एक वेगळा प्रयोग झाला. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चे कन्नड नाट्यरूप सिद्दी कलावंतांनी सादर केले. दिग्दर्शन चिदंबरराव जंबे यांचे होते. आफ्रिकेतील गावाची मोडतोड सांगणारी कथा, तिच्या किनाऱ्यावरून शेकडो वर्षांपूर्वी आणलेल्यांच्या वंशजांनी कन्नडमध्ये उभी केली. सिद्दींमधून नट-नट्या आणि रंगकर्मी घडण्याची वाट त्यातून रुंद झाली.

जानेवारी २००६ मध्ये गोव्यात आशियातील आफ्रिकी वंशाच्या समाजांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. ज्या बंदरातून त्यांचे पूर्वज पळाले होते, त्याच भूमीवर हा विषय चर्चेला आला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्राने भारतातील आफ्रिकी सरदार व शासकांवर प्रदर्शन भरवले. २०१४ मध्ये ते दिल्लीतही आले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ ते २०२४ हे आफ्रिकी वंशाच्या लोकांचे दशक म्हणून पाळले आणि त्यानंतर २०२५ ते २०३४ असे दुसरे दशक जाहीर केले. दरवर्षी २४ जानेवारी हा दिवस युनेस्को आफ्रिकी व आफ्रिकी वंशाच्या संस्कृतीचा दिवस म्हणून पाळते.

या प्रसिद्धीची दुसरी बाजूही आहे. रानातल्या उत्सवात दमाम रात्रभर वाजतो. त्याला वेळेचे बंधन नसते, कारण पूर्वज केव्हा येतील हे ठरलेले नसते. रंगमंचावर त्याच नाचाला दहा मिनिटे मिळतात. प्रेक्षकांना जे आवडते तेच अधिक दाखवले जाते. नारळ फोडणे, अंगाला रंग फासणे, पिसांचा पेहराव यांना उठाव येतो आणि पूर्वजांशी बोलण्याचा गाभा मागे पडतो. परंतु बिदागी मिळते ती याच कार्यक्रमांतून, तरुण मुले दमाम शिकतात तीही बहुधा याच आशेने. त्यामुळे रंगमंच नाकारणे समाजाला परवडणारे नाही. रंगमंचावर जाणाऱ्या पथकाने वर्षातून एकदा रानातल्या स्थानी येऊन रात्रभर वाजवणे, हाच यातला सध्याचा तोल आहे.

ओळखीचा कागद

उत्सवात जी ओळख ढोलाच्या तालावर पटते, तीच सरकारदरबारी कागदावर सिद्ध करावी लागते. गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचे नाव १९६८ पासून आहे. गुजरातेतील सौराष्ट्र भागातही त्यांना हा दर्जा आहे. कर्नाटकात मात्र त्यासाठी त्यांना २००३ पर्यंत थांबावे लागले, आणि तोही दर्जा केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता होता. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेच कुटुंब, तीच भाषा, तेच पूर्वज, पण जमात नाही अशी स्थिती होती. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश २०२० च्या कायद्याने झाला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. या सभागृहात पोहोचलेले ते पहिले सिद्दी.

हा भेद केवळ सन्मानाचा नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वनजमिनीवरील ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वनवासींना त्याखेरीज तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांचे पूर्वज लपण्यासाठीच रानात शिरले, त्यांच्याकडे ७५ वर्षांपूर्वीचा कागद कोठून असणार? जमातीचा दाखला आहे की नाही, यावर कसत असलेली जमीन राहणार की जाणार, हे ठरत होते.

२०११ च्या जनगणनेत सिद्दींची नोंद कर्नाटकात १०,४७७, गुजरातेत ८,६६१, दमण व दीवमध्ये १९३ आणि गोव्यात १८३ अशी झाली. एकूण १९,५१४. परंतु ही मोजणी अनुसूचित जमातीच्या यादीत असलेल्या भागांपुरतीच आहे. मुंबई, हैदराबाद, जंजिरा आणि इतरत्र पसरलेले सिद्दी तिच्यात आलेले नाहीत. म्हणूनच देशातील सिद्दींच्या संख्येचे अंदाज याहून बरेच मोठे दिले जातात.

कागदाच्या पलीकडचा प्रश्न चेहऱ्याचा आहे. अस्खलित कोकणी वा कन्नड बोलणाऱ्या सिद्दी तरुणाला शहरात ‘तू कोणत्या देशाचा?’ असे विचारले जाते. १९८७ मध्ये क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांमधून धावपटू घडवण्याची योजना आखली. तिच्यातून काही चांगले खेळाडू निघाले, पण १९९० च्या दशकात ती गुंडाळली गेली. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तेव्हाही ‘आफ्रिकी अंगकाठी’वरच खिळलेली होती. २०१६ मध्ये बेंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने केलेला हल्ला आणि २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले यांच्या बातम्या सिद्दी वस्त्यांतून शहरात शिकायला गेलेल्यांच्या घरीही वाचल्या गेल्या असतील. आफ्रिकी नृत्याला टाळ्या देणारा आणि आफ्रिकी चेहऱ्याला घर भाड्याने न देणारा समाज एकच असू शकतो.

मालवणहून निघालेला प्रवासी गोवा ओलांडून कारवारला पोहोचतो आणि घाट चढून यल्लापूरच्या रानात शिरतो, तेव्हा भाषा फारशी बदललेली नसते. अंगणात नारळ ठेवलेला असतो. घरातल्या म्हाताऱ्या बाईने नातवासाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतलेली असते. शिमगा जवळ आला असेल तर कोणीतरी ढोलाचे कातडे उन्हात तापवत बसलेला असतो. धामापूरच्या माणसाला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही. समजून घ्यायची आहे ती एवढीच गोष्ट, की हा ढोल वाजवणारे हात समुद्रापलीकडून आणले गेले होते, आणि आता ते येथलेच आहेत.